भिंतीकडची जागा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कबरस्तानात मागच्या भिंतीला लागून एक पट्टा आहे. तिथलं गवत कापायला कोणी जात नाही. लहानपणी ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही आजीची कबर रंगवायला जायचो, तेव्हा चेंडू त्या बाजूला गेला तर तो आणायचा नाही, असा आम्हा मुलांचा आपसातला कायदा होता. भिंतीकडे कोण झोपलंय हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण माहीत होतं. ज्यांना पाप केलं म्हणून मंडळीनं शिस्तीखाली ठेवलं, भाकरी आणि द्राक्षरसाच्या प्रभुभोजनातून वगळलं, आणि जे पश्चात्ताप न करता तसेच गेले, ते तिथे. त्यांच्यासाठी घंटा वाजत नाही, गीत होत नाही. पाळकसाहेब छोटीशी प्रार्थना करतात आणि माती लोटली जाते.

ती जागा माझ्या वडिलांना मिळणार होती.

आधीच सांगून टाकते, या सगळ्यात मी रडले नाही. अजूनही नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासायचं काम करते. माप बरोबर असलं की भाग एका टोपलीत, नसलं की दुसऱ्या. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माणसांकडेही मी तशीच बघते, असं घरातले म्हणतात. असेल. बाबा गेले त्या दिवशीही मी आधी त्यांचा हात उचलून नाडी पाहिली, मग पंखा बंद केला, मग फोन करायला बाहेर आले.

बाबा संडे स्कूल घ्यायचे. मंडळीतली आमच्या वयाची सगळी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांच्याकडे फ्लॅनेलचा एक बोर्ड होता. निळ्या कापडावर दोन रस्ते, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद रस्त्याच्या कडेला झाडं, दुकानं, हसणारी माणसं, आणि शेवटी ज्वाळा. अरुंद रस्ता काट्याकुट्यांतून, दगडांवरून वर चढत जायचा आणि शेवटी पिवळा उजेड. बाबांच्या खिशात पुठ्ठ्याचा एक माणूस असायचा, पाठीवर गाठोडं घेतलेला, मागून कापड लावलेला. रस्ते फुटतात तिथे बाबा त्याला चिकटवायचे आणि एकेका मुलाला विचारायचे, आता हा कुठं जाईल? जे निवडाल त्याचं फळ तुम्हालाच खायचंय, ते दुसऱ्या कोणाच्या ताटात जात नाही, हे ते इतक्या साधेपणानं सांगायचे की आम्हाला ते आंघोळीच्या नियमासारखं वाटायचं. आम्ही सगळे त्या माणसाला न चुकता अरुंद रस्त्यावर न्यायचो. उन्हाळ्यात मात्र हॉलमधल्या कुलरचा वारा बोर्डावर यायचा आणि तो माणूस अरुंद रस्त्यावरून सुटून खाली पडायचा. रुंद रस्त्यावरून तो कधी पडला नाही, कारण तिथे त्याला कोणी ठेवतच नव्हतं. शेवटी बाबांनी त्याला सेफ्टी पिन लावली.

मी कॉलेजात असताना बाबा घर सोडून गेले. त्यांच्या ऑफिसात एक बाई होत्या, विधवा, सक्करदऱ्याला राहायच्या. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, बौद्ध घरातल्या होत्या. किती दिवस चाललं होतं ते आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण बाबा ऑफिसात जास्तीचं काम आहे म्हणायचे आणि आई डबा जास्तीचा द्यायची. एका संध्याकाळी त्यांनी दोन बॅगा भरल्या, आईला काहीतरी सांगितलं आणि गेले. फ्लॅनेलचा बोर्ड घरीच राहिला. पुढच्या महिन्यात व्यासपीठावरून त्यांचं नाव वाचलं गेलं, ते शिस्तीखाली आहेत म्हणून. आई माझ्या आणि दादाच्या मधोमध बसली होती. तिनं गीतांचं पुस्तक उघडून पुढचं गीत काढून ठेवलं.

मग आम्ही शिक्षेची वाट पाहत बसलो. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण दादा आणि मी, आम्ही दोघंही वाट पाहत होतो. आम्हाला शिकवलंच तसं होतं, आणि शिकवलं होतं त्यांनीच. पापाचं फळ येतं. उशिरा येईल पण येईल.

आलं नाही. बाबा ठणठणीत राहिले. सकाळी तलावाकडे फिरायला जायचे. गल्लीतली पोरं त्यांना आजोबा म्हणायची. संत्र्यांच्या दिवसांत काटोलहून त्यांचा एक जुना मित्र पिशवी भरून संत्री पाठवायचा, त्यातली अर्धी ते आमच्याकडे पाठवायचे. आई ती शेजारी वाटून टाकायची. सालसुद्धा घरात राहू द्यायची नाही. आणि फळ आलं ते आईला. आधी साखर झाली, मग पायाला जखम झाली, मग तो पाय गेला. जी आयुष्यात कोणाला एक वाकडा शब्द बोलली नाही, ती कुबडीवर प्रभुभोजनाला यायची. दादा म्हणायचा, इथं नाही तर वर होईल, न्याय काही चुकत नाही. तो तेव्हा संडे स्कूल घेऊ लागला होता, त्याच बोर्डावर. माझ्या टोपल्यांचा घोळ तेव्हापासून आहे.

आईनं एक गोष्ट मात्र सोडली नाही. दर ईस्टरच्या आदल्या दिवशी ती चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन सासूची कबर रंगवायला जायची. बाबा घर सोडून गेल्यावरही. एका वर्षी दादा चिडला.

"काहून करून राहिली तू हे? त्यायची माय आहे, त्यायनं येऊन रंगवावं."

"सासू माझी होती," आई म्हणाली. "तिनं माझं काय बिघडवलं? बादली धर."

दादानं बादली धरली.

आई गेली तेव्हा तिची इच्छा त्याच कबरीत जाण्याची होती. आमच्या कबरस्तानात आता नव्यानं जागा मिळत नाही, घराण्याची जुनी कबर उघडतात, आधीच्या अस्थी एका कडेला सारतात आणि तिथेच ठेवतात. पण कबर उघडायला त्या घराण्याच्या वारसाची संमती लागते, आणि आजीचा वारस म्हणजे बाबा. आम्ही आईसाठी बाबांकडे संमती मागायला निरोप पाठवला. निरोप घेऊन गेलेला माणूस परत यायच्या आत बाबांचा फोन आला की हो. ते दफनाला आलेही, पण फाटकापाशी उभे राहिले. शिस्तीखालच्या माणसाला आत यायला कोणी अडवत नाही, ते स्वतःच बाहेर थांबले. दगडवाल्यानं दगडाच्या डाव्या बाजूला आईचं कोरलं आणि उजवी बाजू कोरी सोडली. आमच्यात नवऱ्यासाठी तशी सोडतात, त्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. दादा त्याच्याशी भांडला. पण दगड तर तयार झाला होता.

बाबांना लकवा मारला ते मला त्या बाईंच्या फोनवरून कळलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तुमच्या बाबाची तब्येत बरी नाही," त्या म्हणाल्या. "या असं मी म्हणून नाही राहिली. पण उद्या तुम्हाले वाटाले नको, का सांगितलं नाही म्हणून."

मी गेले. का गेले, ते मला विचारलं तर सांगता येणार नाही. प्रेमानं गेले असं म्हणण्यात काही अर्थ नाही, दादासारखा राग धरून ठेवणंही मला जमलं नव्हतं. रविवारी उपासना आटोपली की मी सक्करदऱ्याला जाऊ लागले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या बाजूला आमच्या मंडळीचं कॅलेंडर, त्यावर प्रभुभोजनाच्या रविवारांभोवती बाबांनी पेनानं गोल केलेले. जिथं त्यांना बसता येत नव्हतं ते रविवार. बाबा खाटेवर. तोंडाची एक बाजू उतरलेली, बोलणं जड झालेलं, पण कळायचं. मी मऊ खिचडी भरवायची, त्या बाई कपडे बदलायच्या. आम्ही दोघी एकमेकींशी फारसं बोलायचो नाही. चादरीची दोन टोकं धरायला दोन माणसं लागतात, तेवढं बोलायचो.

एका रविवारी बाबा म्हणाले, "मले माझ्या मायपाशी ठेवजो."

"तिथं आई पण आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. मीच तं हो म्हटलं होतं."

बस, एवढंच. त्यांनी मागितलेलं एवढंच होतं. संत्री नको म्हणाले, औषध नको म्हणाले, मायपाशी ठेवा म्हणाले. आणि हे होणार नव्हतं, कारण ते शिस्तीखाली होते. होण्याचा एकच मार्ग होता. पाळकसाहेबांसमोर पश्चात्तापाची कबुली द्यायची, मग मंडळी त्यांना परत घेणार, मग आजीची कबर. नाहीतर भिंत. हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. मंडळीच्या कमिटीवर असताना दुसऱ्यांसाठी हा नियम त्यांनीच लावलेला होता.

दादा यायचा नाही, पण दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा.

"बोलले काय?"

"नाही."

"बरं."

तो बरं म्हणायचा, त्यात बरं वाटल्यासारखं काही नसायचं.

मी पाळकसाहेबांना घेऊन गेले. ते नगरकडचे, वयानं बाबांच्या मुलासारखे, बोलायला मृदू. त्यांनी आजाऱ्यांसाठी असते ती प्रभुभोजनाची छोटी पेटी सोबत आणली होती. ती स्टुलावर ठेवून ते बाबांच्या उशाशी बसले. बाई स्वयंपाकघरात गेल्या. घर केवढंसं, दोन खोल्यांच्या मधे नुसता पडदा.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि विचारलं, "तुमच्या पत्नीला तुम्ही जे दुःख दिलंत, त्याचा तुम्हाला पश्चात्ताप होतो का?"

"होते," बाबा म्हणाले. "रोज होते. तिच्या पायाचं ऐकलं तेव्हापासून तं झोप नाही." त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, वाईट डोळ्यातून तर कायमच यायचं. मी रुमालानं दोन्ही पुसले.

"आणि या घरात राहिलात, त्याचा?"

पडद्याआड भांडी घासणं थांबलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

"त्याचा नाही होत," ते म्हणाले.

"घाई नाही. नीट विचार करा," पाळकसाहेब म्हणाले. "मी पुन्हा विचारतो."

पडद्याआडून बाईंचा आवाज आला. "म्हणून टाका ना हो. मले काही फरक नाही पडत. पाहिजे तं मी बाहेर जाऊन बसते."

"तू बस तिथंच," बाबा म्हणाले. मग पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, चूक होती हे मले समजते. शास्त्रात काय आहे ते मीच शिकवलं पोराईले. पण वाईट नाही वाटत. चांगले गेले दिवस. आता मरताना देवासमोर खोटं बोलू?"

पाळकसाहेबांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, पुन्हा प्रार्थना केली आणि पेटी न उघडता उचलली. जिन्यावर ते मला म्हणाले की चूक आहे हे कळणं आणि तिच्यापासून मागे फिरणं, या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीशिवाय त्यांचे हात बांधलेले आहेत. मी म्हटलं, मला माहीत आहे.

त्या वेळी मला राग आला. या सगळ्या काळात स्पष्ट आठवतो असा तेवढाच. आईसमोर रोज जास्तीच्या कामाचं खोटं बोलताना या माणसाची जीभ अडखळली नव्हती, आणि आता एका शब्दानं स्वतःच्या आईशेजारी जागा मिळत होती तर याला सत्य आठवलं. मी परत वर गेले नाही. रिक्षात बसून घरी आले आणि कपडे धुवायला घेतले.

नंतर पुन्हा झटका आला आणि त्यांची जीभ गेलीच. मी शुक्रवारी सुटी काढून सकाळपासून तिथे होते. ते खुणेनं पाणी मागायचे, कूस बदलून मागायचे. शनिवारी सकाळी गेले. ईस्टरआधीचे लेंटचे उपासाचे दिवस होते, ऊन तापायला लागलं होतं, त्यामुळे दफन त्याच दिवशी संध्याकाळी करायचं ठरलं. कुठं करायचं, ते ठरायचं होतं.

दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत कमिटी बसली. पाळकसाहेब, कमिटीतली जुनी माणसं, दादा आणि मी. दादाला बोलावलं होतं कारण तो मोठा मुलगा, मला बोलावलं होतं कारण शेवटी मी तिथे होते. दादा भिंतीला पाठ लावून उभाच राहिला. एकानं बसायला सांगितलं तर त्यानं मान हलवली.

कमिटीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ बाबांचे मित्र. फ्लॅनेलच्या बोर्डासाठी कापड त्यांनीच दिलं होतं, असं आई सांगायची. ते पुढे वाकून माझ्याशी बोलले.

"सांग वं पोरी. पाळकसाहेब येऊन गेले, त्याच्यानंतर काही म्हटलं असन त्यानं. माणूस शेवटी वळतेच. काही बोलला काय?"

"नाही," मी म्हटलं.

"बोलणं नसन झालं. हात जोडले असन. खुणेनं काही?"

"खुणेनं पाणी मागायचे."

"आठवून पाय. आम्ही काही कोर्ट नाही, पोरी."

त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. खोलीतल्या सगळ्यांनाच ते हवं होतं, पाळकसाहेबांनाही. मी मान डोलावली असती तर कोणी पुढचा प्रश्न विचारला नसता. नुसती मान. मी बाबांच्या बोर्डासमोर बसून वाढलेली मुलगी, मला खरं काय आणि खोटं काय ते ठाऊक होतं, आणि खरं सांगण्यानं काय होणार तेही ठाऊक होतं. भिंतीकडचं गवत डोळ्यांसमोर आलं. तरी आत काही हललं नाही. माप जसं आलं तसं मी सांगितलं.

"नाही काका. काही नाही म्हणाले."

म्हाताऱ्या काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पाळकसाहेब काही बोलणार, तेवढ्यात भिंतीपाशी दादा खाकरला.

"मले म्हटलं," दादा म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी गेलो होतो शुक्रवारी सकाळी. हिले नाही माहीत, ही ड्युटीवर होती. मले म्हटलं बाबानं, चुकलो म्हणून. माफी मागितली देवाची."

"सगळ्याबद्दल?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"सगळ्याबद्दल."

"बोलता येत होतं त्यांना?"

"मले समजलं," दादा म्हणाला. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

पाळकसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. दादानं जन्मात त्या घराचा उंबरठा पाहिला नव्हता. दर रविवारी फोनवर 'बरं' म्हणणारा, वर न्याय होईल म्हणणारा, मुलांसमोर खोटं बोलू नका म्हणून बोट उगारणारा माझा भाऊ चर्चच्या खोलीत, पाळकांसमोर, उभ्या उभ्या खोटं बोलला आणि त्याचा आवाजही कापला नाही. म्हाताऱ्या काकांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, "देवाची दया." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हटलं, सवयीनं.

संध्याकाळी घंटा वाजली. आजीची कबर उघडली होती, आईच्या पेटीची लाकडं मऊ झाली होती, खोदणाऱ्यांनी ती हळूच कडेला सारली. गीत झालं. माती द्यायची वेळ आली तेव्हा दादा रांगेतून निघाला आणि फाटकाकडे चालू लागला. फाटकापाशी त्या बाई उभ्या होत्या, आईच्या वेळी बाबा उभे होते तिथेच. दादा त्यांच्याशी आयुष्यात एक शब्द बोलला नव्हता.

"या ना आत," तो म्हणाला. "माती द्या."

बाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चपला काढू काय?"

"राहू द्या. काटे आहेत."

त्या त्याच्या मागोमाग आल्या, मूठभर माती टाकली, आणि कोणाकडे न बघता तशाच परत गेल्या. दादाच्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही कबर रंगवायला गेलो. दगडाची उजवी बाजू आता भरली होती, नवीन अक्षरं जुन्यांपेक्षा काळीभोर. दादानं बादली धरली, मी ब्रश. दुसऱ्या दिवशी पहाटे कबरस्तानात उपासना झाली, मेणबत्त्या, झेंडूची फुलं, सगळं नेहमीसारखं. मग चर्चमध्ये प्रभुभोजन. आमच्याकडे ताटली बाकावरून हातोहात पुढे जाते, प्रत्येकानं भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि शेजाऱ्याला द्यायची. त्याआधी पाळकसाहेब सांगतात की प्रत्येकानं स्वतःला तपासावं, मनात कबूल न केलेलं पाप ठेवून जो खाईल तो स्वतःवर दंड ओढवून घेईल. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, ऐकताना मी बहुतेक पंख्याकडे बघत असते. दादा माझ्या डाव्या हाताला बसला होता. ताटली त्याच्याकडे आली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली आणि काही न घेता माझ्याकडे दिली.

मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

पुढच्या महिन्यात तेच झालं. त्याच्या पुढच्यातही. मधे एकदा तो माझ्या घरी आला, फ्लॅनेलचा बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून, आणि म्हणाला, ठेव तुझ्यापाशी, मी संडे स्कूल सोडलं. वहिनीला त्यानं गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. बोर्ड माझ्या कपाटावर आहे. पुठ्ठ्याचा माणूस त्याच्या मागच्या खिशात, सेफ्टी पिन गंजलेली.

गेल्या प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही दोघं बाहेर कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे खायला थांबलो. वहिनी महिला मंडळाच्या सभेत अडकली होती. दादाचे केस आता अगदी बाबांसारखे झाले आहेत, मागून पाहिलं तर दचकायला होतं.

"असं किती दिवस करशील?" मी विचारलं.

कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही. पोह्यांवरचा कांदा चमच्यानं बाजूला केला.

"पाळकसाहेबाले सांगितलं मी," तो म्हणाला. "तेव्हाच, ईस्टरच्या आधी. खोटं बोललो म्हणून."

"मग?"

"ते म्हटले, आता माती उकरायची आपल्यात पद्धत नाही, ते मी माझ्यापाशी ठेवतो. तू फक्त देवासमोर म्हण, खोटं बोललो त्याचं वाईट वाटते. म्हण आणि ये परत जेवणाले."

"मग म्हण ना."

दादानं चमचा प्लेटमध्ये ठेवला. कमिटीच्या खोलीत न कापलेला त्याचा आवाज आता थोडा कापला.

"वाटून नाही राहिलं वं," तो म्हणाला. "चूक आहे हे समजते. पण रोज सकाळी पाहतो मी, वाईट वाटते काय. नाही वाटत. बाबा मायपाशी आहे, आईपाशी आहे, बरंच वाटते. आता वाटून नाही राहिलं तं खोटं कसं म्हणू?"

सक्करदऱ्याच्या खाटेवर ऐकलेलं बोलणं मी दादाला कधी सांगितलं नव्हतं, फोनवर फक्त 'नाही' म्हटलं होतं. तो त्या घरात गेलाच नव्हता, आणि तरी तो जे बोलला ते बाबांचंच होतं. मला त्या दोघांचा हेवा वाटला. हेवाच, दुसरा शब्द नाही. ज्याच्यासाठी जेवणाचं ताट पुढे सारावं असं काहीतरी त्यांच्यापाशी होतं. मी खरं बोलले होते आणि मला काहीच सोडावं लागलं नव्हतं.

"तर्री घे अजून," दादा म्हणाला. "थंडे होऊन राहिले पोहे."

मी घेतली. आम्ही पोहे संपवले, त्यानं मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. आता पुन्हा महिन्याचा पहिला रविवार आला की मी त्याच्या शेजारीच बसते. पाळकसाहेब सांगतात की स्वतःला तपासा. ताटली त्याच्याकडून माझ्याकडे येते, भरलेली. मी तुकडा घेते आणि खाते.